१९५४ ची शेव्हरोले पिकअप विकताना: खर्च मागे, नोंदवही पुढे

साडेआठ वर्षं जी गाडी मी स्वतः उघडली, घासली आणि परत जोडली ती विकायला मला अकरा महिने लागले. गिऱ्हाईक येत नव्हतं असं नाही, आलं, चांगलं आलं, पण पहिले पाच महिने मी प्रत्येकाला चुकीचीच गोष्ट सांगत बसलो, किती पैसे घातले, किती रात्री जागलो, कुठला पार्ट कशी वणवण करून मिळवला. समोरचा ऐकून घेतो, मान डोलावतो आणि निघून जातो. त्याला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच, की ह्या रंगाखाली पत्रा कसा आहे आणि तू म्हणतोस ते मी कशावरून खरं मानू. हे डोक्यात शिरेपर्यंत माझे दोन सौदे हातचे गेले. म्हणून सगळं क्रमानं लिहून काढतोय, जीव लावलेली गाडी विकायची वेळ ज्याच्यावर येईल त्याला उपयोग होईल.

गाडी कुठली

शेव्हरोले ३१००, अर्ध्या टनाची पिकअप, १९५४ चं मॉडेल. ज्या मालिकेला अ‍ॅडव्हान्स डिझाइन म्हणतात त्यातली, १९४७ ला निघाली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. गोल केबिन, फुगीर मडगार्ड, लाकडी तळाचा हौदा. ह्या मालिकेतलं १९५४ साल ओळखायला सोपं, पुढची काच एकसंध, आधीच्या वर्षांत ती दोन तुकड्यांची आणि मधे पट्टी असायची, शिवाय पुढची जाळी त्या वर्षी जाडजूड आडव्या पट्ट्यांची झाली.

पण जाणकार माणूस काचेकडे नंतर बघतो, आधी इंजिन विचारतो. त्याला कारण आहे. १९५३ पर्यंत ह्या गाडीला २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन यायचं, त्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल प्रेशरनं जात नव्हतं, रॉडच्या टोकाला चमच्यासारखा भाग असायचा तो तेल उडवायचा, आणि बेअरिंग बॅबिट नावाच्या मऊ धातूचं, ओतलेलं. हळू चालवायला उत्तम, जोरात पळवायला नाही. १९५४ ला २३५ क्युबिक इंचाचं आलं, म्हणजे साधारण ३.९ लिटर, ११२ हॉर्सपॉवर, तेल पूर्ण प्रेशरनं आणि बेअरिंगचे शेल बदलता येणारे. माझ्या गाडीत तेच आहे आणि ब्लॉकवरचा ओतकामाचा तारखेचा कोड पण जुळतो, ह्या कोडमध्ये पहिलं अक्षर महिन्याचं, मग दिवस, शेवटचा आकडा सालाचा. त्या कोडचा फोटो मी पाचव्या महिन्यापर्यंत कोणालाच दाखवला नव्हता! जी गोष्ट गाडीची किंमत धरून ठेवते ती मी सांगतच नव्हतो.

मी दोन ठिकाणी मूळ सोडलं. एक, सहा व्होल्टचं बारा व्होल्ट केलं, डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला. दुसरं, पुढे डिस्क ब्रेक आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर. मूळ मास्टर सिलिंडर एका सर्किटचा, कुठंही एक पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला, आणि ज्या गाडीत बायकापोरं बसणार त्यात मला ते नको होतं. काढलेलं सगळं सामान मात्र मी पेटीत भरून ठेवलं, डायनॅमो, रेग्युलेटर, मूळ ड्रम, बोल्टसकट, प्रत्येकावर चिठ्ठी.

का विकली

गुडघा. क्लच दाबून सिग्नलला उभं राहिलो की डाव्या पायातून कळ यायची. आधी आठवड्यातून एकदा काढायचो, मग महिन्यातून एकदा, मग नुसती शेडमध्ये जाऊन सेल्फ मारून परत. जुनी गाडी चालवून खराब होते त्यापेक्षा जास्त उभी राहून खराब होते हे मला माहीत होतं, पेट्रोल कार्बोरेटरमध्ये सुकून चिकट होतं, ब्रेक ऑइल ओलावा धरतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, रबराचे सील कोरडे पडून गळायला लागतात. एका सकाळी मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओघळ दिसला आणि मी तिथंच खाली बसलो. दोन वर्षांपूर्वी नवा टाकलेला सिलिंडर, चालवून नाही, न चालवून गेला होता. त्या दिवशी ठरवलं की आता ही चालवणाऱ्या माणसाकडे गेली पाहिजे. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मी वर्षभर वाट बघत होते तुम्ही कधी म्हणताय."

किंमत

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि इथंच सगळ्यात जास्त शिकलो.

माझ्याकडे चार आकडे होते आणि मी चारही एकात मिसळत होतो. पहिला, मी घातलेले पैसे. दुसरा, विम्याच्या कागदावरची ठरलेली किंमत, ती गाडी जळाली किंवा चोरीला गेली तर परत तशी उभी करायला काय लागेल त्याची असते, विकण्याशी तिचा फार संबंध नाही. तिसरा, इतर लोक आपापल्या गाडीचे मागतायत तो आकडा. आणि चौथा, तशीच गाडी खरोखर कितीला गेली तो. बाजार चौथ्यावर चालतो. मागणारा काहीही मागतो, महिनोन्‌महिने तीच गाडी तिथंच उभी दिसते. विकल्या गेलेल्या किंमती बघायच्या असतील तर ऑनलाइन लिलावांचे जुने निकाल चांगले, ब्रिंग अ ट्रेलरवर कितीला सुटली, बोली कुठं अडली, लोकांनी काय प्रश्न विचारले सगळं उघड असतं. मी तीन आठवडे रोज रात्री बसून १९५४ च्या आणि तिच्या आगेमागच्या गाड्यांचे निकाल वहीत उतरवले, इंजिन कुठलं, पाच खिडक्यांची केबिन आहे का साधी, व्होल्ट किती, रंग ताजा का जुना. पाच खिडक्यांची म्हणजे जिला मागच्या कोपऱ्यांनाही वळणदार काच असते ती, तिला भाव जास्त मिळतो. माझी साधी.

मग अवस्था. हॅगर्टी म्हणून जुन्या गाड्यांचा विमा करणारी कंपनी आहे, तिच्या किंमतीच्या मार्गदर्शकात गाडीची अवस्था १ ते ४ अशी धरतात, १ म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी, २ म्हणजे जवळून बघूनही दोष चटकन सापडू नये अशी, ३ म्हणजे चांगली, नीट चालणारी, पण वापराच्या खुणा असलेली, ४ म्हणजे चालती पण दोष उघड दिसणारी. मी माझी २ धरून बसलो होतो. धाकट्या भावाला बोलावलं, वेल्डिंग सगळं त्यानंच केलेलं, म्हटलं तू परक्यासारखा बघ. तो टॉर्च घेऊन अर्धा तास खाली पडून होता. बाहेर येऊन म्हणाला, "दादा, वरून दोन, खालून तीन. म्हणजे तीनच धर." मला राग आला. रात्री परत स्वतः बघितलं, चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीला रंग फुगलेला, उजव्या दाराची खालची फट वरच्यापेक्षा बोटभर जास्त, हौद्याच्या एका फळीला बारीक चीर. तीनच होती. चांगली तीन.

ह्या हिशोबानं जो आकडा आला तो माझ्या खर्चाच्या निम्म्याहून थोडा वर होता. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण नंतर शांतपणे विचार केला की ते पैसे मी गुंतवले नव्हते, खर्चले होते, आणि त्या बदल्यात साडेआठ वर्षांचे रविवार, भावाबरोबरची सगळी संध्याकाळची कामं, हे मला मिळून चुकलं होतं. त्याचे पैसे पुढच्या माणसाकडून परत मागायचे ते कशाला? त्या दिवसापासून खर्चाचा आकडा मी कोणाला सांगितला नाही, कोणी विचारला तरी. बिलं मात्र सगळी दाखवली. बिलावरून काम काय झालं ते कळतं, तेवढ्यासाठीच.

कागद

पहिला सौदा कागदानं गेला. आलेला माणूस तयारीचा होता, गाडी बघून इसार देतो म्हणाला, फक्त कागद आणि गाडीवरचा नंबर ताडून बघू म्हणाला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीजवळ एक छोटी पट्टी असते त्यावर नंबर. हल्ली सगळ्या गाड्यांना १७ अक्षरांचा नंबर असतो पण ती पद्धत १९८१ पासूनची, १९५४ ची पट्टी त्याहून छोटी, आधी मालिकेचं अक्षर, मग सालाचे दोन आकडे, मग कारखान्याचं अक्षर आणि पुढे अनुक्रमांक. माझ्या गाडीवर कारखान्याचं अक्षर एस, म्हणजे सेंट लुईस. आणि कागदावर त्या जागी ५! कधीतरी कोणीतरी टाइप करताना इंग्रजी एस ला पाच वाचला होता आणि ती चूक मालकामागून मालक पुढे येत राहिली, मी घेतली तेव्हा मी पण ताडून बघितलं नाही.

त्या माणसाचं बरोबर होतं, मी पण घेतली नसती. एका अक्षराचा फरक म्हणजे उद्या कोणी म्हणू शकतं की ही गाडी ती नव्हेच. दुरुस्ती करायला सहा आठवडे गेले, पट्टीचा फोटो, तपासणी, अर्ज, परत अर्ज. तेवढं तो थांबला नाही, दुसरी घेऊन मोकळा झाला. गाडी विकायचा नुसता विचार जरी मनात आला असेल तर आजच टॉर्च घेऊन जा आणि एकेक अक्षर बोट ठेवून ताडून बघा. काही जुन्या गाड्यांच्या कागदावर चेसिसऐवजी इंजिनचा नंबर चढवलेला असतो आणि मधे इंजिन बदललेलं असतं, ते तर ह्याहून अवघड दुखणं.

दुसरा माणूस

वयस्कर गृहस्थ, स्वतःकडे तशाच दोन गाड्या, बोलायला फार गोड. बॉनेट उघडलं, अल्टरनेटर दिसला, आणि चेहरा उतरला. "अहो, हे काय केलंत." मी समजवायला लागलो, सहा व्होल्टवर दिवे अंधुक, सेल्फ गरम इंजिनवर रेंगाळतो, आणि असं बोलत बोलत जवळजवळ वाद घातला. ते निघून गेले. जाताना त्यांनी एक प्रश्न विचारला तो अजून लक्षात आहे, "मूळ डायनॅमो टाकला का?" मी म्हटलं नाही, पेटीत आहे. ते थांबले, म्हणाले, "मग ते पहिल्या ओळीत का नाही लिहिलंत?"

खरंच होतं. माझ्या जाहिरातीत 'मेहनतीनं तयार केलेली', 'हौसेनं जपलेली', असलं सगळं होतं, आणि पेटीचा उल्लेख नव्हता, बारा व्होल्टचा पण नव्हता. मूळ प्रेमी माणूस तासभर प्रवास करून आला आणि त्याचा दिवस वाया गेला तो माझ्यामुळे. त्याच रात्री मी ती जाहिरात पुसून पहिल्यापासून लिहिली.

नवीन मजकूर असा होता, पहिल्याच चार ओळींत: इंजिन कुठलं आणि तारखेचा कोड, बारा व्होल्ट आणि डिस्क ब्रेक ही दोन बदललेली कामं, मूळ सामान पेटीत सोबत, कागद दुरुस्त आणि स्वच्छ. त्याच्याखाली दोष. केबिनचे दोन्ही मागचे खालचे कोपरे कापून नवा पत्रा जोडलेला आहे, डाव्या कोपऱ्यावर पुट्टी आहे, चेसिसला एका जागी रंग फुगलाय, दाराची फट, फळीची चीर, हीटर चालत नाही, मागचा अ‍ॅक्सल ४.११ रेशोचा मूळचाच असल्यामुळे गाडी ताशी ८० ते ९० किलोमीटरला खूश असते आणि त्याच्यावर इंजिन ओरडतं, हायवेची गाडी म्हणून घेऊ नये. प्रत्येक दोषाचा जवळून फोटो, शेजारी मापाला नाणं. आणि एक व्हिडिओ, न कापलेला, रात्रभर थंड इंजिन सकाळी सुरू करताना, आधी रेडिएटरवर हात ठेवून दाखवलेला. व्हिडिओ भावानं काढला, माझा हात थरथरतो.

भाऊ म्हणाला एवढे दोष वाचून येणार कोण. आले तीन जण. आधी अडीच महिन्यांत वीस-बावीस फोन आले होते आणि त्यातले बहुतेक 'शेवटची किंमत बोला' वाले, आता तीनच, पण तिघांनीही वाचून प्रश्न विचारले. (मधे एक जण न बघताच जास्त पैसे पाठवतो, माझा वाहतूकवाला येऊन गाडी घेऊन जाईल, वरचे पैसे त्याला द्या, असं पण म्हणाला. हे सरळ फसवणुकीचं जुनं गणित, चेक नंतर परत जातो आणि वरचे दिलेले पैसे आपले गेलेले असतात. उत्तरच द्यायचं नाही.)

मायक्रॉनचं मशीन

त्या तिघांतली एक मुलगी, तिशीच्या आतबाहेरची, वडिलांना घेऊन आली. वडील जवळजवळ काही बोलले नाहीत, आल्या आल्या चटई मागितली आणि गाडीखाली गेले. मुलीच्या हातात रंगाची जाडी मोजायचं मशीन, मोबाईलएवढं, पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. बॉनेटवर टेकवलं, १९०. दारावर २१०. मडगार्डवर १८० ते २३०. नवा रंग, प्रायमर धरून हे ठीक आहे. मग ती केबिनच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी बसली, अगदी खाली जिथं पत्रा आत वळतो तिथं टेकवलं, ९४०.

ती माझ्याकडे बघत नव्हती, आकड्याकडेच बघत होती. परत टेकवलं, दोन बोटं वर, ८८०. मी काही बोललो नाही, घरात जाऊन फाईल आणली आणि ते पान उघडून तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं. ह्या गाड्यांना केबिनचे खालचे कोपरे हमखास खातात, आतल्या बाजूला धूळ-माती साठते, तिला पाणी लागतं आणि पत्रा आतून बाहेर सडतो, बाहेरून दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पानावर चार फोटो होते, तारखेसकट. पहिल्यात सडका कोपरा, बोट आरपार गेलेलं. दुसऱ्यात कापून मोकळा केलेला, आतला भाग घासून पांढरा. तिसऱ्यात नवा पत्रा टाके मारून बसवलेला, भावाच्या वेल्डिंगचे ठिपके मोजता येतील इतका जवळून. चौथ्यात टाके घासलेले आणि त्यावर पुट्टीचा पातळ हात, शेजारी स्टीलची पट्टी धरलेली, मिलिमीटरच्या खाली. खाली मी लिहिलं होतं, डावीकडे वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा थोडा ओढला गेला, म्हणून पुट्टी उजवीपेक्षा जास्त.

तिनं ते वाचलं, उजव्या कोपऱ्यावर जाऊन मशीन टेकवलं, ४१०. मग परत येऊन फाईलच्या पहिल्या पानापासून वाचायला लागली, तिथंच, जमिनीवर मांडी घालून. वडील गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, म्हणाले, "आडव्या पट्टीवरचा गंज वरचा आहे, आत गेला नाही. तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा कमीच आहे." त्या क्षणी मला जे वाटलं ते साडेआठ वर्षांत कोणाच्या कौतुकानं वाटलं नव्हतं.

फाईलबद्दल थोडं सांगतो कारण सौदा जमला तो फाईलमुळे. सुरुवातीपासून मी एक वही ठेवली होती, ती विकायला म्हणून नाही, उघडलेलं परत जोडता यावं म्हणून. कुठला बोल्ट कुठून काढला, वायरिंगचा हातानं काढलेला नकाशा बारा व्होल्टचा, इंजिन भरल्यावर सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (१२६ ते १३४ पाउंड, म्हणजे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत), गरम इंजिनला तेलाचं प्रेशर, दर वेळचं तेल बदलणं आणि तेव्हा गाडी किती धावली होती तो काट्यावरचा आकडा. कॉम्प्रेशन मी विकायच्या आधी परत मोजलं आणि शेजारी लिहिलं. जी गोष्ट दोनदा मोजलेली असते तिच्यावर माणूस विश्वास ठेवतो.

चालवून बघणं

आधी मी चालवली, ती शेजारी. विम्याला विचारून ठेवलं होतं की दुसऱ्यानं चालवलेली चालते का, आणि तिचं लायसन बघितलं. मग जागा बदलली.

ही गाडी चावीनं सुरू होत नाही. चावी फिरवली की नुसतं इग्निशन, सेल्फ पायानं मारायचा, अ‍ॅक्सिलरेटरच्या शेजारीच त्याचा छोटा पेडल आहे आणि तोच उजवा पाय दोन्हीकडे वापरायचा. चोकची घुंडी डॅशबोर्डवर. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, तीन, आणि पहिल्याला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय पहिला टाकायचाच नाही. मी सांगितलं, तिनं ऐकलं, तरी पहिल्या वळणावर गाडी रांगत असताना टाकला आणि दातांचा तो आवाज आला. माझा हात आपोआप डॅशबोर्डवर गेला. ती म्हणाली, "सॉरी काका, सॉरी." मी म्हटलं, "दुसऱ्यात ठेव, ही दुसऱ्यातूनही उचलते, घाई नाही तिला." आणि तिनं दुसऱ्यात ठेवली, क्लच हळू सोडला, गाडीनं एकदा अंग हलवलं आणि निघाली. त्यानंतर तिनं चुकीचा गिअर टाकला नाही.

केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो का ते तिनं काचा बंद करून बघितलं, कारण ह्या गाडीची टाकी सीटच्या मागेच, केबिनच्या आत असते. तोंडाचं रबर मी बदललेलं होतं, वहीत पान तेवीस. ब्रेक तीनदा जोरात दाबून बघितला, सरळ थांबली.

सौदा

घासाघीस फार झाली नाही. तिनं दोन गोष्टींचे पैसे कमी करा म्हटलं, हीटर आणि दाराची फट. मी म्हटलं हे दोन्ही लिहून मगच किंमत लावली आहे, ते वजा झालेलं आहे. ती हसली, वडील हसले. मग मी एक गोष्ट केली जी मनापासून बरोबर वाटली, मागच्या ब्रेकचे दोन्ही सिलिंडर आणि रबरं माझ्या खर्चानं नवीन टाकून देतो म्हटलं, कारण गळलेला एक मी बदलला होता पण दुसरा त्याच्याच वयाचा होता, आणि ब्रेक हा घासाघिशीचा विषय नाही. किंमत तीच राहिली.

पैसे बँकेतून बँकेत, खात्यात जमा झाल्याची बँकेतच खात्री केली आणि त्यानंतर कागदावर सही. विक्रीचा कागद दोन प्रतीत, त्यात नंबर पट्टीवरून बघून लिहिला, काट्यावरचा आकडा, गाडी आहे त्या अवस्थेत, दोषांची यादी सोबत जोडलेली, दोघांच्या सह्या. मालकी बदलल्याची माहिती मी त्याच दिवशी कळवली, नवीन मालक कळवेल म्हणून थांबायचं नाही, मधल्या काळात काही झालं तर नाव आपलं असतं.

न्यायला आले तेव्हा त्यांनी ट्रेलर आणला नव्हता. ती म्हणाली, चालवतच नेणार. पेटी हौद्यात चढवली, फाळका लावला, साखळ्या अडकवल्या. हौद्याच्या फळ्या ओकच्या आहेत, मूळ पाइनच्या असायच्या आणि रंगवलेल्या, मी हौसेनं ओक घातलं आणि तेलपाणी केलं, ती चीर पडलेली फळी उजवीकडून तिसरी. त्या फळीवरून मी शेवटचा हात फिरवला. भाऊ शेडमध्येच थांबला, बाहेर आला नाही.

वही द्यायला मन तयार होत नव्हतं, तिची झेरॉक्स काढून द्यावी असं आदल्या रात्रीपर्यंत ठरवलं होतं. शेवटी झेरॉक्स मी ठेवली आणि वही तिला दिली. ती गाडीची आहे.

अठरा दिवसांनी सकाळी साडेसहाला फोन. "काका, सुरूच होत नाहीये, थंडी आहे इथं." मी विचारलं चोक किती ओढलास. "अर्धा." पूर्ण ओढ म्हटलं, आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नकोस, नुसता सेल्फचा पेडल, आणि लागली की घुंडी हळूहळू आत. फोन सीटवर ठेवल्याचा आवाज, मग सेल्फ, मग एकदा फुसका, परत सेल्फ, आणि मग सहा सिलिंडरचा तो जड, सावकाश आवाज. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

दुपारी तिनं मोबाईलवर एक फोटो पाठवला. वहीचं पान, माझ्या शेवटच्या नोंदीच्या खाली एक ओळ सोडून तिच्या अक्षरात तारीख, काट्यावरचा आकडा आणि पुढे: थंडीत चोक पूर्ण.